आता बघा हं!

माणसाला तंबाखूचं व्यसन लागलं तर घरचे हळहळतात, शेजारी चार गोष्टी समजुतीच्या सांगतात, कोणी ओळखीच्या वैद्याचा पत्तासुद्धा देतं. पण आपल्याला आवडलेला सिनेमा दुसऱ्याला दाखवायचं व्यसन ज्याला लागलं, त्याची कीव कोणी करत नाही. तो समोरून येताना दिसला की लोक गल्ली बदलतात. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्यामुळे आमच्या पेठेतल्या कितीतरी माणसांना पेठेतल्या सगळ्या बोळांची उत्तम माहिती झाली आहे.

या व्यसनाची लक्षणं सांगतो. पाहुणा चहाला येतो. त्याला आपण पडद्यासमोर बसवतो आणि स्वतः पाहुण्यासमोर बसतो. कारण सिनेमा आपण अकरा वेळा पाहिलेला असतो, पाहुण्याचं तोंड मात्र नवीन असतं. मग गमतीची जागा जवळ येऊ लागली की आपल्याला राहवत नाही. "आता बघा हं! आता तो शिडी घेऊन येईल!" शिडी येते. पाहुणा हसतो. यजमानाच्या चिरंजीवांचा तबला ऐकून माणूस जसं "वा, छान" म्हणतो, तसं हसतो. आणि एखादा नाहीच हसला, तर स्वतःच्या हातानं चक्का बांधून, वेलदोडे कुटून केलेलं श्रीखंड त्यानं बोटानं चाखून वाटी बाजूला सारावी, तसं काळजाला लागतं. वास्तविक सिनेमा आपण काढलेला नसतो, त्यातल्या एकाही नटाशी आपली सोयरीक नसते, आणि पाहुणा हसला म्हणून कोणी आपल्याला दलाली देत नाही. तरीही लागतं.

असं का व्हावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते रडणं हे एकट्याचं काम आहे. उशी असली की भागतं. हसायला मात्र सोबत लागते. एकट्यानं रडणाऱ्याला लोक दुःखी म्हणतात, एकट्यानं हसणाऱ्याला काय म्हणतात ते सांगायला नको. म्हणून हसण्याचा नाद असलेली माणसं जोडीदार शोधत हिंडतात. आणि हा शोध फार जुना आहे, चांगला जगभर पसरलेला आहे, हे कळल्यापासून मला बराच धीर आला आहे.

आपल्याकडे ज्यांना आपण जाड्या-रड्या म्हणतो, त्यांचीच गोष्ट घ्या. त्यातला रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. हा १८९० साली इंग्लंडातल्या अल्व्हर्स्टन नावाच्या गावी जन्मला. जाड्या, म्हणजे ऑलिव्हर हार्डी, अमेरिकेतल्या जॉर्जियाचा. १९५७ साली हार्डी गेला आणि त्यानंतर लॉरेल पुन्हा म्हणून पडद्यावर आला नाही. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला समुद्राकाठी एका लहानशा घरात तो राहत असे. पण गंमत अशी, की या जगप्रसिद्ध माणसाचं नाव आणि नंबर टेलिफोनच्या पुस्तकात सरळ छापलेले होते. कोणीही उठावं, नंबर फिरवावा, आणि पलीकडून रड्यानं "हॅलो" म्हणावं! लोक भेटायला येत, पत्रं लिहीत आणि तो उत्तरं पाठवी. आपल्याकडे साधा नगरपालिकेचा मेंबरही निवडून आल्यावर इतका सापडत नाही.

१९६५ साली न्यूयॉर्कात जॉन मॅकेब नावाच्या त्याच्या चरित्रकारानं आणि काही चाहत्यांनी मंडळ काढलं. नाव ठेवलं 'सन्स ऑफ द डेझर्ट', म्हणजे वाळवंटाचे सुपुत्र. हे नाव जाड्या-रड्याच्या १९३३ सालच्या सिनेमाचं. त्यात दोघं नवरे 'हवापालटाला होनोलुलूला जातो' असं बायकांना सांगून शिकागोला आपल्या मंडळाच्या अधिवेशनात मजा करायला जातात. इकडे होनोलुलूहून येणारी बोट बुडते. काळजीनं कासावीस झालेल्या बायका मन रमवायला सिनेमाला जातात, तर तिथल्या वार्तापटात मिरवणुकीत नाचणारे आपापले नवरे त्यांना दिसतात! ज्या सिनेमात सिनेमाच नवऱ्यांचा घात करतो, त्याचं नाव सिनेमावेड्या नवऱ्यांनी आपल्या मंडळाला द्यावं, याहून प्रामाणिक कबुली कोणती? मंडळाची घटना लॉरेलनं स्वतः डोळ्याखालून घातली, तिला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तो गेला. मंडळ वाढलं. गावोगावच्या शाखांना शाखा म्हणत नाहीत, 'तंबू' म्हणतात. वाळवंटच ते! प्रत्येक तंबूला जाड्या-रड्याच्या एकेका सिनेमाचं नाव. पन्नाशी ओलांडलेली, चांगली चष्मा लावणारी माणसं त्या तंबूत जमतात आणि शंभर वेळा पाहिलेली शिडी एकशे एकाव्या वेळी पाहतात. म्हणजे आपण एकटे नाही.

आमचाही पुण्यात असा एक तंबू होता. त्याला घटना नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं, आणि सभासद तीन होते. एक मास्तर. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि त्यामुळे इंग्रजी विनोदावर आपला कायदेशीर ताबा आहे असं समजत. दुसरा बँकवाला. आणि तिसरा मी, एका सरकारी कचेरीत कारकून. आमची ओळख झाली ती रविवारी सकाळी जाड्या-रड्याच्या एका मॅटिनीत. मी आणि मास्तर शेजारी बसलो होतो, आणि मागच्या रांगेतला एक माणूस प्रत्येक विनोद घडायच्या आधीच हसत होता. मास्तरांनी मागे वळून "शूः" केलं. त्यावर तो म्हणाला, "माफ करा हं, पण मला पुढचं आठवतंय." मध्यंतरात तिघांनी मिळून बटाटेवडे खाल्ले आणि तंबू ठोकला गेला.

बँकवाल्याचं हसणं हा एक देखावाच असे. स्टोव्हला पिन मारल्यावर आधी नुसती फरफर होते, मग बर्नर लाल होतो, आणि मग एकदम भडका उडतो, अगदी तसं. आधी नुसते खांदे हलत. मग नाकातून वाफ सुटल्यासारखा आवाज. आणि सगळे हसून गप्प झाले की मग "हाः!" करून हा माणूस पेटे. त्याच्या त्या 'हाः'ला आम्ही दुसऱ्यांदा हसत असू. म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे.

पुढे टीव्ही आला. मुंबई केंद्राचे कार्यक्रम १९७३ पासून पुण्यात दिसू लागले होते, पण आमच्या घरी संच यायला प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज मंजूर व्हावं लागलं. आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर 'येस मिनिस्टर' नावाची इंग्रजी मालिका लागली. 'छायागीत'ला आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. 'येस मिनिस्टर' सुरू झालं की शेजारी "चला, झोपायला हवं" म्हणत उठत आणि तंबू तेवढा उरे.

ही मालिका बीबीसीनं १९८० ते १९८४ या काळात दाखवली. लिहिली अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनी. पहिला भाग १९७९ सालीच तयार होता. पण त्या वर्षी इंग्लंडात निवडणुका होत्या. उगाच राजकारणात नाक खुपसल्यासारखं नको, म्हणून बीबीसीनं तो कपाटात ठेवून दिला. फाइल योग्य वेळ येईपर्यंत दाबून ठेवायची, यावरच बेतलेली मालिका सुरुवातीला स्वतःच दाबून ठेवली गेली! जिम हॅकर नावाचा एक मंत्री, देशाचं भलं करायच्या इराद्यानं खुर्चीत बसलेला. आणि सर हम्फ्री नावाचा त्याचा सचिव, ते भलं होऊ नये म्हणून अत्यंत अदबीनं, वीस-वीस ओळींच्या वाक्यांत झटणारा. पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंना ही मालिका इतकी आवडे, की १९८४ साली एका समारंभात त्यांनी दोन्ही नटांना बरोबर घेऊन त्यातलाच वाटावा असा एक छोटा प्रवेश स्वतः करून दाखवला. नटांना तो किती आवडला, हा निराळा प्रश्न. आपल्याकडे २००१ साली 'जी मंत्रीजी' नावानं तिचा हिंदी अवतारही निघाला. त्यात मंत्री झाले होते फारूख शेख.

मला मात्र अवताराची गरज नव्हती. पहिल्याच भागात मी ताडकन उठून म्हणालो, "अहो, हे आमचे साहेब!" लंडनच्या त्या कचेरीत धुकं होतं आणि आमच्या कचेरीत ढेकूण, एवढाच काय तो फरक. बँकवाला म्हणे, "आमच्या हेड ऑफिसात असले सहा आहेत." मास्तर मात्र चिडत. सर हम्फ्रीचं वाक्य संपेपर्यंत कोणी हसायचं नाही, असा त्यांचा दंडक. बँकवाला वाक्याच्या मध्येच फरफरू लागे, आणि मास्तर वर्गात ओरडावं तसं ओरडत, "अरे, क्रियापद तर येऊ दे!"

सगळंच काही गोडीगुलाबीनं चाले असं नाही. एकदा परदेशी असलेल्या कोणाकडून 'माइंड युअर लँग्वेज'ची कॅसेट मिळाली. भाड्यानं व्हीसीआर आणला. लंडनच्या रात्रशाळेत नाना देशांची माणसं इंग्रजी शिकायला येतात आणि चुकतात, अशी ही १९७७ सालची मालिका. मी आणि बँकवाला लोळलो. मास्तर उठून उभे राहिले. "आपण कोणाला हसतोय? चुकीच्या इंग्रजीला ना? मग चौथीपासून मी तेच ऐकतोय, पगारावर! व्हीसीआरचं भाडं कशाला?" असं म्हणून चपला घालून चालते झाले. नंतर कळलं, की १९७९ साली ती बंद करताना तिथल्या वरिष्ठांचीही तक्रार साधारण हीच होती, की परक्यांना एका साच्यात घालून हसू काढलंय.

आणि आपल्या देवळालीचीही तीच तऱ्हा. नाशिकजवळच्या देवळालीला गोऱ्या शिपायांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे पडून पडून शिपायांची डोकी फिरत, म्हणून डोकं फिरलेल्याला इंग्रजीत अजून 'डुलाली' म्हणतात. त्या छावणीतल्या सैनिकी नाटक मंडळीवर १९७४ ते १९८१ अशी बीबीसीची एक विनोदी मालिका चालली. तिच्या दोघा लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः त्या मंडळीत होता, तेव्हा माहिती अस्सल. पण त्यातला मुख्य हिंदी माणूस, रंगी राम, रंगवला मायकेल बेट्स या इंग्रज नटानं, तोंडाला रंग फासून. त्याचा जन्म झाशीचा, भाषा त्याला येत होती, हे सगळं खरं. पण रंग तो रंगच. आता बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवायचं टाळते. हसायला सोबत लागते हे मी म्हटलंच, पण सोबतीला कोण बसलंय त्यावर विनोद बदलतो, हे मला मास्तरांच्या त्या चपलांनी शिकवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो, व्हीसीआरशिवाय.

'येस मिनिस्टर'चं मला इतकं वेड लागलं, की एका रात्री मी टू-इन-वन टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला आणि अख्ख्या भागाचा आवाज कॅसेटवर उतरवून घेतला. चित्र नाही, नुसता आवाज. सर हम्फ्रीच्या भाषणात मध्येच आमच्या कुकरची शिट्टी, लंडनच्या प्रेक्षकांचा हशा, मग मास्तरांचं "क्रियापद! क्रियापद!" आणि सगळ्यात शेवटी बँकवाल्याचा तो "हाः!" तिघांनी तो भाग कॅसेटवर कितीदा ऐकला, त्याला गणती नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरणारा जगात मी एकटाच. नंतर कळलं, की इंग्लंडात घरोघरी हेच चाललं होतं, आणि फार बरं झालं. कारण बीबीसीनं काय करावं? साठ-सत्तरच्या दशकात कार्यक्रम ज्या रुंद टेपवर असत ती टेप महाग. नटांच्या संघटनेच्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा किती वेळा दाखवायचे यावर मर्यादा. १९६७ साली रंगीत चित्र आल्यावर काळं-पांढरं कोण बघणार? तेव्हा हिशेब सोपा: टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरं काही उतरवायचं. पीटर कुक आणि डडली मूर या जोडीच्या कार्यक्रमांवर ही पाळी आली, तेव्हा कुक म्हणाला, नव्या टेपचे पैसे मी देतो, जुन्या पुसू नका. बीबीसीनं ऐकलं नाही. आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९१८ साली जन्मलेला स्पाइक मिलिगन इंग्लंडात जाऊन विनोदाचा मोठा सरदार झाला. त्याचेही काही भाग असेच गेले. १९७८ च्या सुमारास बीबीसीला शहाणपण सुचलं. पण तोवर वेळ निघून गेली होती.

'डॅड्स आर्मी'चं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात न घेतलेले म्हातारे आणि पोरं मिळून गाव राखतात, ही ती मालिका. त्यात एक पकडलेला जर्मन नाव लिहून घ्यायची धमकी देतो, तेव्हा कप्तानसाहेब पोराला नाव सांगू नकोस असं बजावतात, ते त्याचंच नाव घेऊन! १९६८ ते १९७७ या काळात तिचे ऐंशी भाग झाले. त्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या सहांपैकी पाच भाग पुसले गेले होते. २००१ साली त्यातले दोन सापडले. कुठे? एका गृहस्थाच्या बागेतल्या शेडमध्ये, गंजलेल्या डब्यांत. उरलेल्या तिघांचा पत्ता नाही, पण एकाचा आवाज मिळाला. त्यावर चित्रं काढून २०१६ साली लोकांना तो निदान कार्टूनसारखा पाहता आला. 'डॉक्टर हू' नावाच्या मालिकेचे कितीतरी भाग नाहीसे झाले, पण त्यातल्या एकूण एक भागाचा आवाज शिल्लक आहे. तो ठेवला कोणी? पोरांनी, घरच्या टेपरेकॉर्डरवर. लंडनमध्ये तर १९९३ पासून असा मेळावाच भरतो. नाहीसे झालेले आणि पुन्हा सापडलेले जुने कार्यक्रम मोठ्या पडद्यावर लावतात आणि दर्दी मंडळी ते एकत्र बसून बघतात. घरी एकट्यानं बघता येत नाही का? येतं. पण मग हसायचं कोणाबरोबर?

हे सगळं वाचून मी बीबीसीच्या त्या कारकुनांना यथेच्छ शिव्या घातल्या. चार पैशांच्या टेपसाठी माणसांचं हसू पुसणारे करंटे! कारकुनाला कारकुनानं दिलेल्या शिव्या म्हणजे काय, ते जाणकारांना सांगायला नको.

बँकवाला २००६ साली गेला. झोपेतच. त्याच्या वर्षश्राद्धानंतर वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमच्याकडे यांचं हसणं आहे म्हणे एका कॅसेटवर. यांनीच सांगितलं होतं मला. एकदा ऐकवाल का?"

मी म्हटलं, "अहो, ऐकवाल काय, घेऊनच येतो." माळ्यावरून खोका काढला. कॅसेट सापडली. लेबलावर माझ्याच अक्षरात 'येस मिनिस्टर'. ते खोडून त्याच्याखाली, तेही माझ्याच अक्षरात: 'सनई – मुंजीसाठी'. पुतण्याच्या मुंजीच्या आदल्या रात्री दुकानं बंद झाली होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. मला सगळं स्वच्छ आठवलं. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. उस्तादांनी एक सेकंदसुद्धा मोकळा ठेवला नव्हता.

'येस मिनिस्टर'चे सगळे भाग जगात शाबूत आहेत. आज कोणाही पोराच्या फोनवर दिसतील. गेला तो एक हशा, आणि तो पुसणारा लंडनला नव्हता.

कसं सांगावं ते कळेना, म्हणून मी मास्तरांना बरोबर घेऊन गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सनई का? असू दे. यांनासुद्धा सनई आवडायची." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "यांनी हे ऐकलं असतं ना भावजी, तर आठ दिवस हसले असते."

मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, आमच्या तंबूत त्या कधी बसल्या नव्हत्या. पण दर आठवड्याला हा गृहस्थ आमच्याकडून घरी गेला, की रात्री अंथरुणावर बसून त्यांना अख्खा भाग मराठीत करून दाखवायचा. "तो तुमचा हंपीराव नाही का," वहिनी म्हणाल्या, "त्याचा तो दवाखाना. पाचशे माणसं कामाला आणि रोगी एकही नाही. मंत्री म्हणतो, अहो, हा दवाखाना बंद का करत नाही? तर हंपीराव म्हणतो, साहेब, एवढा स्वच्छ दवाखाना देशात दुसरा नाही! रोगी आले की घाण होते!"

वहिनींच्या गोष्टीत लंडन नव्हतं. दवाखाना म्युनिसिपालटीचा होता, हंपीरावांना उपरणं होतं आणि मंत्र्याला खोकला. पण प्रत्येक वाक्यानंतर त्या जिथे थांबत होत्या, ती जागा अगदी त्याची होती. आधी खांदे हलले. मग नाकातून जरासा आवाज. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, सावकाश. क्रियापद येऊ द्या."

आम्ही हसून गप्प झालो, आणि मग वहिनी पेटल्या.